चार फ्रँकचा श्रोता

ॲमस्टरडॅमच्या एका व्यापारी पेढीत काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाला १८४४ च्या सुमारास राहती खोली दोनदा बदलावी लागली. भाडं थकलं नव्हतं. तक्रार आवाजाची होती. हॉलंडमधल्या साध्या घरांचे मजले नुसत्या फळ्यांचे असत, त्यामुळे एका खोलीतलं वरखाली सगळीकडे ऐकू जाई. आणि हा गृहस्थ रोज संध्याकाळी दोन तास खड्या आवाजात रशियन भाषेतले उतारे म्हणत बसे. समोर एक गरीब ज्यू माणूस बसलेला. त्याला रशियनमधलं एक अक्षरही कळत नव्हतं. आठवड्याला चार फ्रँक घ्यायचे आणि नुसतं ऐकायचं, एवढंच त्याचं काम.

हा तरुण म्हणजे हाइनरिश श्लीमान, पुढे हिसार्लिकच्या टेकडीवर ट्रॉयचं उत्खनन करून जगभर गाजलेला. ही हकिगत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. स्वतःबद्दल लिहिताना तो हात सैल सोडायचा असं त्याचे चरित्रकार सांगतात, तेव्हा थोडं तिखटमीठ वजा करून घ्यावं. तरीही गोष्ट विचार करायला लावते. कारण ‘क्लासबिस काही नको, भाषा आपली आपण शिकता येते’ असं म्हणणाऱ्यांचा हा आद्य पुरुष. त्याच्याकडे एक जुनं व्याकरण, एक शब्दकोश आणि ‘टेलेमाकस’ या पुस्तकाचं सुमार रशियन भाषांतर एवढंच साहित्य होतं. रशियन शिकवणारा कोणी मिळेना. शिक्षक नाही तर नाही, पण ऐकायला समोर माणूस हवाच, असं त्याला वाटलं आणि त्याने तो पैसे देऊन आणून बसवला. सहा आठवड्यांत त्याने रशियनमधून पहिलं व्यापारी पत्र लिहिलं.

त्याआधी इंग्रजी शिकताना तर त्याला शिक्षक होता. रोज मोठ्याने वाचायचं, भाषांतर करायचं नाही, आवडत्या विषयावर निबंध लिहायचा, तो शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यायचा आणि दुरुस्त केलेला पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचा. शिवाय रविवारी दोनदा इंग्रजी चर्चमध्ये जाऊन प्रवचनातला शब्द न् शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा. म्हणजे स्वयंअध्ययनाच्या या महर्षीचा दिवस बारकाईने पाहिला तर त्यात गुरू आहे, गृहपाठ आहे, वेळापत्रक आहे आणि फीसुद्धा आहे.

हे सगळं आज आठवायचं कारण जर्मन. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. तेव्हापासून जर्मन ही रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवनाच्या आसपास वावरणाऱ्या पुणेकरांपुरती राहिलेली नाही. नर्स, इलेक्ट्रिशियन, हॉटेलात काम करणारी मुलं, आयटीतल्या नवऱ्यामागे जाऊ पाहणाऱ्या बायका, सगळ्यांपुढे एकच प्रश्न: ऑनलाइन क्लास लावायचा, की मोबाइलवर आपलं आपण शिकायचं? त्यातून एकीकडे हजारो रुपयांची फी, दुसरीकडे सगळंच फुकट. मग फी कशासाठी द्यायची?

प्रश्न तसा जुनाच आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन आपल्याकडच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. नंतर एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर कपिल देवने जाहिरात केलेलं रॅपिडेक्स आलं. दोन्हींत पाठांचा क्रम चोख बांधलेला. दोन्हींत नसलेली गोष्टही एकच: तुम्ही तोंड उघडल्यावर ‘असं नाही, असं’ म्हणणारं कोणी. म्हणून अर्ज फर्डा लिहिणारे पण साहेबासमोर त-त-प-प करणारे लोक घरोघरी होते.

‘ऑनलाइन कोर्स’ या एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात की आधी पोतं उघडून पाहिलं पाहिजे. झूमवर ठरलेल्या वेळी भरणारी, शिक्षक समोर असलेली बॅच ही एक. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, पण गृहपाठ तपासून देणारा माणूस मागे असलेला कोर्स ही दुसरी. आणि नुसती व्हिडिओंची चळत, तिसरी. ही तिसरी वस्तू कोर्स म्हणून विकली जाते, पण तिच्यात मार्गदर्शन नावालाही नसतं; ते पुस्तकच, फक्त बोलणारं. असं पुस्तक फुकटही मिळतं आणि उत्तम मिळतं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा ए-१ (अगदी प्राथमिक) ते बी-१ (मध्यम) या पातळ्यांचा कोर्स चकटफू आहे. स्पेनहून जर्मनीत उतरलेल्या निकोची बॅग हरवते इथून त्याची गोष्ट सुरू होते, आणि ती एखाद्या मालिकेसारखी चालते. याच संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत. आयआयटी मद्रासचे जर्मनचे पाठ एनपीटीईएलवर आहेत. तेव्हा पाठांचा क्रम लावून देणं हे शिक्षकाचं एके काळचं मोठं काम आता जवळजवळ मोफत झालं आहे. निव्वळ क्रमासाठी कोणी फी मागत असेल तर देऊ नये.

मग लोक फुकटचे कोर्स पुरे का करत नाहीत? हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरच्या खुल्या कोर्सांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली होती. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे होते जेमतेम तीन टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण निम्म्याच्या जवळपास होतं. अर्थात पैसे भरणारा मुळातच जास्त इरेला पेटलेला असतो, त्यामुळे सगळं श्रेय पैशाला देता येणार नाही. पण नव्याचे नऊ दिवस संपल्यावर दहाव्या दिवशी काय होतं, हे यातून दिसतं. ठरलेल्या वेळच्या क्लासात दहाव्या दिवशी तुमची चौकट रिकामी दिसते, कोणीतरी ‘काल का नव्हतात?’ विचारतं. त्या विचारण्यात ज्ञान काहीच नाही. पण फीतला बराचसा भाग त्या विचारण्याचा असतो आणि माझ्या मते तो वाया जात नाही.

वाया जातो तो वेळ. जरा हिशेब करून पाहू. बी-१ पातळी गाठायला पंचेचाळीस मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात असा गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तासांची बॅच धरली तर आठवड्याला आठ तासिका होतात, म्हणजे कमीत कमी चव्वेचाळीस आठवडे. आता बॅचमध्ये पंधरा जण आहेत आणि शिक्षक इतका चांगला आहे की निम्मा वेळ तो स्वतः गप्प बसून मुलांना बोलतं करतो, असं समजा. (असे शिक्षक मोजकेच.) तरी दोन तासांत एकेकाच्या वाट्याला बोलण्याची मिनिटं येतात चार. आठवड्याची बारा. उरलेला वेळ इतर चौदा जणांच्या चुका ऐकण्यात जातो. त्यातूनही थोडं शिकायला मिळतं, पण फी भरताना आपण हे विकत घेतोय असं कोणालाच वाटत नसतं. एकट्याने एखाद्या शिक्षकाकडे ऑनलाइन अर्धा तास घेतला, तर पंधरा-वीस मिनिटं आपलीच.

शब्दांच्या बाबतीत तर क्लास मागेच पडतो. हेरमान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करून, दाखवलं की पाठ केलेलं आधी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरत जातं. त्यावर तोड म्हणजे विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवणं. झेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७२ मध्ये त्यासाठी खोक्याची युक्ती लोकप्रिय केली: चिठ्ठीवरचा शब्द आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, म्हणजे ती आता उशिरा समोर येईल, चुकला की परत पहिल्या कप्प्यात, उद्याच पुन्हा. आज हेच काम अंकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर करतं. अंकी हा जपानी शब्द, अर्थ पाठांतर. या खोक्याला शिक्षक लागत नाही, कारण तुम्ही कोणता शब्द कधी विसरणार आहात हे वर्गातल्या पंधराही जणांसाठी वेगळं असतं. क्लासात शब्द शिकवणं म्हणजे पंधरा जणांना एकाच मापाची चप्पल देणं. आणि इथे एक गोष्ट फार जण चुकतात: यादी पुन्हा पुन्हा वाचतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा वाचणाऱ्यांना लगेच घेतलेल्या परीक्षेत बरं येतं, पण आठवड्याने पुढे असतात ते पुस्तक मिटून आठवून पाहणारे. आपल्याकडे घोकंपट्टीला नाकं मुरडतात, पण पुस्तक मिटून म्हणून दाखवायला लावणाऱ्या जुन्या मास्तरांचं या बाबतीत अगदीच चुकत नव्हतं.

स्वतः शिकणाऱ्या मराठी माणसाच्या हाती आणखी एक मोठी चीज असते, जी त्याला कोणी सांगत नाही: मराठी. बहुतेक ॲप आणि कोर्स जर्मन शिकवतात ते इंग्रजीतून, इंग्रजी माणसाला काय अवघड वाटेल ते डोळ्यांपुढे ठेवून. ‘मला थंडी वाजते’ याला जर्मनमध्ये ‘मिर इस्ट काल्ट’ म्हणतात, शब्दशः ‘मला आहे थंड’. ‘ते मला आवडतं’ म्हणजे ‘डास गेफेल्ट मिर’. आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण चतुर्थीत, जसं मराठीत. इंग्रजीतून शिकलेला मराठी विद्यार्थी मात्र आधी ‘आय’ मनात आणतो आणि ‘इश बिन काल्ट’ म्हणून मोकळा होतो. म्हणजे चूक करतो तीही उसनी. ‘मला माहीत आहे की तो उद्या येतो’ या वाक्यात ‘डास’पुढचा, म्हणजे ‘की’नंतरचा, भाग बघा: ‘एर मॉर्गन कॉम्ट’. तो, उद्या, येतो. क्रियापद शेवटी, जिथे ते असायला हवं तिथेच! (मुख्य वाक्यात मात्र जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी हटून बसतं; तिथे मराठी कामाला येत नाही.) ‘झी’ आणि ‘डू’ म्हणजे तुम्ही आणि तू. तीन लिंगं आपल्यालाही आहेत, मुलीला नपुंसकलिंगी ‘डास मेडशेन’ म्हणतात याचं हसू येण्याआधी ‘ते पोर’ आठवावं. लिंगं जुळत नाहीत हा भाग वेगळा: टेबल त्यांच्याकडे पुल्लिंगी, सूर्य स्त्रीलिंगी, दारही स्त्रीलिंगी, पुस्तक आणि पाणी तेवढी आपल्यासारखीच नपुंसक. जर्मन ‘झेड’चा उच्चार हा आपल्या ‘चाक’मधला च. तो दिल्लीच्या मुलाला शिकवावा लागतो, आपल्या मुलाला नुसता दाखवला की पुरे.

आणि आकडे. एकवीस म्हणजे ‘आइनउंडत्स्वानत्सिश’, एक-आणि-वीस. आधी एकं, मग दशक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने एकवीसऐवजी ‘वीस एक’ सुचवलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात एकवीसच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पालकांना जर्मन आकडे जड जायचं काहीच कारण नाही.

चांगला मराठी शिक्षक हे दुवे पहिल्याच आठवड्यात जोडून देतो. बर्लिनहून चालणाऱ्या, जगभरच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवणाऱ्या बॅचमधला शिक्षक कितीही पट्टीचा असला तरी त्याला ते दिसणारच नाहीत. फी देताना मी तरी उच्चार ‘अस्सल जर्मन’ आहे का यापेक्षा शिकवणाऱ्याला आपल्या भाषेची वाट ठाऊक आहे का हे आधी विचारेन, निदान ए-१, ए-२ पर्यंत.

आता स्वतः शिकणाऱ्यांचं घोडं कुठे पेंड खातं ते बघू. स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषावैज्ञानिकाचं म्हणणं असं की समजेल असं, पण आपल्या पातळीच्या किंचित वरचं भरपूर ऐकलं-वाचलं की भाषा आपोआप मुरते. हे एकट्या शिकणाऱ्यांना फार आवडतं, कारण मालिका बघणं हाही मग अभ्यास ठरतो. त्याला छेद देणारा पुरावा कॅनडातून आला. तिथे इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गात वर्षानुवर्षं बसत. त्यांना ऐकलेलं समजायचं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं. बोलायला लागली की मात्र व्याकरण लंगडं. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरून मांडलं की समजून घेताना व्याकरणाला बगल देता येते. बोलताना आणि लिहिताना देता येत नाही, आणि तिथे अडल्यावरच आपल्याला काय येत नाही ते कळतं. त्याआधी १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी चुकांच्या अश्मीभवनाची कल्पना मांडली होती. एकच चूक वारंवार केली, समोरच्याने ती समजून घेतली, की ती दगडासारखी घट्ट होते आणि मग सहसा निघत नाही. मुंबईत तीस वर्षं राहून ‘मी बोलला’ म्हणणारे भेटतात, ते हेच. त्यांना कोणी हसलं असेल, पण दुरुस्त कोणी केलं नाही.

शिक्षक असला की हे टळतं का? दर वेळी नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये अशाच कॅनेडियन वर्गांचं निरीक्षण केलं. शिक्षक चूक सुधारायचे ते बहुतेक वेळा हळुवारपणे: मूल चुकीचं वाक्य बोललं की तेच बरोबर करून पुढे बोलत राहायचे. मुलांना वाटायचं, बाईंनी दुजोरा दिला. सुधारणा निम्म्याहून जास्त वेळा कानावरून गेली. जिथे शिक्षक थांबले, ‘पुन्हा सांग’ म्हणाले आणि मुलालाच बरोबर रूप शोधायला लावलं, तिथे ती लागू पडली. म्हणून डेमो लेक्चरला बसाल तेव्हा शिकवणं किती रंगतदार आहे याकडे लक्ष देऊ नका. कोणीतरी चुकेल त्या क्षणी शिक्षक काय करतो तेवढंच बघा.

समजा, साताऱ्याची एक नर्स आहे. जर्मनीत पूर्ण मान्यता मिळवायला तिला सर्वसाधारणपणे बी-२ लागणार. तिच्या ड्यूट्या बदलत्या; आठवड्याला दोन नाइट. संध्याकाळी सातची बॅच तिने लावली तर महिन्यातले निम्मे तास बुडतील आणि फी बुडेलच. तिला मी सांगेन ते असं. पहिले तीन-चार महिने, उच्चार आणि वाक्याचा सांगाडा बसेपर्यंत, माणसाकडून शिक. छोटी बॅच मिळाली तर उत्तम, नाही तर एकटीने आठवड्याला दोनदा अर्धा-अर्धा तास; ड्यूटीप्रमाणे वेळ बदलून देणारे शिक्षक मिळतात. उच्चाराची वाईट सवय मोडणं नवी लावण्यापेक्षा महाग पडतं. पुढे ए-२ आणि बी-१ मधला लांबलचक, कंटाळवाणा पल्ला आपला आपण काट. शब्द, वाचन, ऐकणं हे बसमध्ये आणि चहाच्या सुट्टीत होतं, आणि इथे क्लास तुला मागेच खेचेल. पण या काळातही आठवड्याला दोन परिच्छेद लिही आणि ते तपासून घे. हल्ली चॅटबॉट क्षणात तपासून देतात, व्याकरणाच्या साध्या चुका बऱ्यापैकी पकडतात. अडचण अशी की ते तुझं वाक्य गुळगुळीत करून हातात ठेवतात आणि शोधण्याचे कष्ट तुझ्यासाठी संपवतात. त्यांना फक्त चूक कुठे आहे तेवढं विचारायचं, उत्तर मागायचं नाही. शेवटी, परीक्षेच्या दोन-तीन महिने आधी, पुन्हा माणसाकडे.

कारण गोएथेच्या बी-२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार सुटे भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. पहिल्या दोहोंसाठी मोबाइल आणि चिकाटी पुरते. चौथा सहसा दोघा-दोघांचा. साधारण पंधरा मिनिटं. आधी एकेकाचं छोटं भाषण आणि त्यावर समोरच्याचे प्रश्न, मग दिलेल्या मुद्द्यावर दोघांचा वाद. आपल्यासमोर कोण येईल हे आधी ठरवता येत नाही. ती कोट्टायमची एखादी नर्स असेल, तिची जर्मनही आपल्याइतकीच अडखळती आणि उच्चार निराळे. श्लीमानच्या श्रोत्याला पाठ केलेलं ऐकवून भागायचं. ही मधेच थांबवेल आणि म्हणेल, समजलं नाही, पुन्हा सांगता का?